चौदा रकाने

४ फेब्रुवारी

चि. माशीस,

आशीर्वाद पाठवतो आहे. घ्यायचे की त्याच पाकिटातून परत करायचे, ते तुझ्यावर.

दर रविवारी तू माझ्याच फोनवर फोन करतेस आणि माझ्या वाट्याला तीन शब्द येतात: "दादा, मिरीला दे." चार वर्षांत त्यांत एका शब्दाची भर पडली नाही. जुन्या सूत्रकारांनी हेवा करावा अशी ही काटकसर. म्हणून आज पत्र. पत्रातल्या माणसाला मध्येच तोडून फोन भाचीकडे देता येत नाही. फाडता येतं, पण फाडण्याआधी चार ओळी वाचल्या जातात.

त्या चार ओळींत काम उरकतो. धूरकाका आता फार दिवसांचे नाहीत. फुप्फुसं गेली. पन्नास वर्षं पोळ्यांना धूर देताना निम्मा स्वतःच घेतला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यावर काका म्हणाले, "माश्या शांत झाल्या ना? मग झालं." पावसाळा पाहतील असं वाटत नाही. त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली आहे: तुझ्याकडून एक ओळ. "शिवी असली तरी चालेल पंडित, पण तिच्या हातची असू दे."

तू दहा वर्षांची असताना त्यांच्या पेटीत कोपरापर्यंत हात घातलास, नऊ डंख खाल्लेस आणि रडली नाहीस. माशी हे नाव त्यांनीच ठेवलं. आईबापांनी ठेवलेलं आता फक्त तुझ्या पासपोर्टाला ठाऊक आहे. मिरीचे बाबा गेले तेव्हा तुझ्या दारात पहिल्या पाच पेट्या त्यांनीच आणून ठेवल्या. त्या पाचाच्या तू तीस केल्यास.

आणि मग ती सभा. आपल्या देशाचं नाव परदेशी यादीतून गेलं, मध घेणारं गलबत फिरकेना, आणि तू बेचाळीस मधपाळांसमोर उभी राहून म्हणालीस की अध्यक्षांनी हात ओले करून घेतले आणि आपल्याला व्यापाऱ्याच्या दावणीला बांधलं. "बोला ना काका," असं तू तीनदा म्हणालीस. ते बोलले नाहीत. मी संघाचा चिटणीस, कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहीत होतो. मी लिहिलं: अध्यक्षांनी उत्तर दिले नाही. तीन महिन्यांनी पाच वर्षांच्या मिरीला माझ्या ओट्यावर बसवून तू विमानतळाकडे गेलीस.

मिरी बरी आहे. नऊ वर्षांची झाली हे तुला माहीत आहे. भांडणात मला ज्येष्ठ झाली हे माहीत नसेल. परवा म्हणाली, "मामा, तू एवढं शिकलास, त्याचा उपयोग काय झाला?"

"तुझ्या वेण्या घालतो की."

"त्या वाकड्या येतात."

वादात समोरच्याचा मुद्दा मान्य करण्याची आमच्या तर्कशास्त्रात सोय आहे. मी मान्य केला.

तुझ्या तीसपैकी अकरा पेट्यांत माश्या आहेत. बाकीच्यांपैकी काहींत शेजारणीच्या कोंबड्या अंडी घालतात. जागतिक व्यापाराच्या नियमांचा या गल्लीत कोणाला फायदा झाला असेल, तर तो त्या कोंबड्यांना.

तिथे तू दिवसभर परक्या म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलतेस. आपल्या म्हाताऱ्याला एक ओळ लिही.

दादा


२७ फेब्रुवारी

चि. माशीस,

तुझं उत्तर आलं. "ज्याने माझ्या पेट्या ओस पाडल्या त्याला माझ्याकडून एक अक्षर मिळणार नाही. तू त्याची वकिली करू नकोस. त्या दिवशीही तू खाली मान घालून लिहीतच बसला होतास."

तीन वाक्यं, तिन्ही निर्दोष. तिसरं तर फारच.

तरी वकिली करतो, कारण दुसरा वकील मिळत नाही. तू रागाव, पण कारण नीट धरून रागाव.

जगाकडे आपल्यासाठी दोन याद्या आहेत. पहिली अतिगरीब देशांची. तीत आपण आहोत, आणि आपली जागा बळकावायला कोणी टपलेलं नाही. त्या यादीपायी आपल्या मधाला तिकडे जकात शून्य. मोठ्या मनाचा नियम आहे, खोटं कशाला बोला. दुसरी यादी, ज्यांच्या मधावर तिकडच्या कचेरीचा भरवसा आहे त्यांची. तीत आपण नाही. म्हणजे आपल्या मधाला तिथे जकात लागत नाही, फक्त त्याला तिथे उतरता येत नाही. जेवायचं आमंत्रण आहे, ताट मांडलेलं आहे, दार तेवढं उघडत नाहीत.

दुसऱ्या यादीत टिकायचं तर दर वर्षी एक आराखडा पाठवायचा असतो. मधात माश्यांच्या औषधांचे अंश उतरतात का, हे आपण कसं तपासणार, त्याचा. सीमेवरच्या पुलापलीकडच्या देशात पेट्यांना औषधं देतात, अंश मोजतात, लिहून पाठवतात. त्यांचा मध शुद्ध. आपल्याकडे औषध माणसालाच मिळत नाही, माशीला कुठलं? त्यामुळे मोजायला काही नाही. आपला मध संशयित.

व्यापाऱ्याची गाडी काकांच्या दारात उभी होती, हे खरं. तू पाहिलीस, मीही पाहिली. पण ती सोमवारी, आणि यादी लागली त्याआधीच्या गुरुवारी. गिधाड आलं म्हणून जनावर मरत नाही, जनावर मेलं म्हणून गिधाड येतं. आधी काय आणि मागून काय, एवढं कळलं की निम्मं तर्कशास्त्र पदरात पडलं. काकांनी त्याला चहाही दिला नाही. त्यांच्या सुनेला विचार.

तोच व्यापारी आज आपला मध पडत्या भावात उचलतो आणि पूल ओलांडून नेतो. पलीकडे त्या मधाला कागद मिळतात, अनाथ पोराला दत्तक गेल्यावर आडनाव मिळावं तसे. तुझ्या तिथल्या दुकानात 'अनेक देशांतील मधांचे मिश्रण' अशी बाटली दिसली तर ओळख दाखव. तुझ्याच अकरा पेट्यांचा असायचा.

मग आपलं नाव गेलं कशाने, असं तू विचारशील. कागदात त्रुटी राहिली. काकांनी काही विकलं नाही.

हे वाक्य लिहून मी बराच वेळ थांबलो होतो. पुढे सुचलं नाही, म्हणून इथेच संपवतो. मिरीच्या दाढेला कीड लागली होती, दाढ काढली. तिने ती मला भेट दिली आहे.

दादा


२० मार्च

माशी,

मागच्या पत्रात मी लिहिलं, कागदात त्रुटी राहिली. त्रुटी काही भाडेकरू नव्हे, आपणहून येऊन राहायला. ती मी ठेवली.

आता क्रमाने सांगतो. हे पत्र पुरं वाच, मग काय करायचं ते कर.

पशुखात्यातला तो अधिकारी तुला आठवत असेल, खुर्चीच्या पाठीला टॉवेल लावणारा. खात्यात तो एकटा, आणि त्याच्या टेबलावर कातडी, अंडी, मासळी, मध अशा सतरा मालांचे सतरा आराखडे. त्याने मधाचा फॉर्म मला पाठवला. "पंडित, तुम्हाला भाषा येतात. तेवढा भरून द्या, मी पुढे सरकवतो." फॉर्मात चौदा रकाने होते, चौदा जातींच्या औषधांचे. प्रत्येकात लिहायचं: किती नमुने घेणार, कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रयोगशाळेत.

शाळेतून संस्कृत उठलं, माझी खुर्ची गेली, त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. सात वर्षांत मला कोणी विद्वान म्हणून काही विचारलं नव्हतं. मधाचे डबे मोज, पावती फाड, एवढंच. आणि आता जगाच्या दुसऱ्या टोकाहून कोणीतरी विचारत होतं: जे नाही ते तुम्ही कसं ओळखणार? माशी, याच प्रश्नावर माझी उमेदीची वर्षं गेली होती. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कळतं कशाने, यावर थोर माणसांनी पोथ्याच्या पोथ्या लिहिल्या आहेत. मला वाटलं, अखेर कोणीतरी आपल्या विषयाचं बोललं.

मी चौदाही रकान्यांत सुवाच्य अक्षरांत लिहिलं: लागू नाही. खाली अर्ध्या पानाची टीप जोडली. ज्या पदार्थाचा येथे कधी संबंधच आला नाही, त्याच्या शोधाचा आराखडा संभवत नाही. शोधासाठी आधी शंका हवी, शंकेला निमित्त हवं, येथे निमित्तच नाही. लिहून झाल्यावर मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. मला ते फार आवडलं. तुला सगळं सांगायचं तर हेही सांगायला हवं.

काकांनी सहीआधी कागद उलटसुलट करून पाहिला. "पंडित, एवढं रिकामं चालेल का रे?"

"रिकामं नाही काका. हेच उत्तर आहे."

"तुला माहीत," म्हणाले, आणि सही केली.

तिकडून नकार आला नाही. साधी विचारणाही नाही. नवी यादी लागली, तीत आपण नव्हतो, बस. मी अभाव समजावून द्यायला गेलो आणि त्यांनी तो सिद्ध करून दाखवला.

सभेत तू "बोला ना काका" म्हणालीस, तेव्हा काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. तुला दिसलं नसेल, तू त्यांच्या मागच्या भिंतीशी भांडत असल्यासारखी बोलत होतीस. मला दिसलं. मी मान खाली घातली आणि जे वाक्य लिहिलं ते तुला पहिल्या पत्रात कळवलंच आहे. ते वाक्य खरं आहे. एवढं खरं आणि एवढं खोटं वाक्य मी दुसरं लिहिलेलं नाही.

काल मी त्यांना सांगितलं, की तिला खरं काय ते लिहितो. भिंतीला दोन उशा लावून बसले होते, आडवं झालं की श्वास कोंडतो.

"नको," म्हणाले.

"का?"

"पोर कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे."

"मग? माझ्यावर चिडून ती तिकडे सुखाने राबेल. तुझ्यावर चिडली तर पोरीला कुठे ठेवील?"

"काका, सभेच्या दिवशी पोर तिच्याजवळच होती. तेव्हा का नाही बोललात?"

त्यांनी श्वास गोळा केला. "तेव्हा मला वाटलं, आता पंडित बोलेल. मी वाट बघत होतो. तू लिहीतच राहिलास. मग म्हटलं, सही तर आपलीच आहे."

मग पुढे म्हणाले, "आणि तू नीट भरला असतास तरी प्रयोगशाळा कुठे होती आपल्याकडे, वेड्या?"

हे खरं आहे. असे अंश मोजणारी एकही प्रयोगशाळा देशात नाही. नमुने परदेशी पाठवायचे तर तपासणी मधाहून महाग पडते. एखादं वर्ष तग धरला असता, पुढे नाव गेलंच असतं. पण ते एक वर्ष मी घालवलं. कदाचित त्या वर्षात काही सुचलं असतं, तुला नाही तर काकांना. नियम वाईट होता म्हणून मी चांगला ठरत नाही.

तुझी ओळ आता काकांना पाठव. मला काही पाठवू नकोस.

दादा


९ एप्रिल

माशी,

पत्र पोचल्याचं रविवारी कळलं. फोनवर दोनच शब्द आले: "मिरीला दे." आजवर दुर्लक्षिलेल्या त्या पहिल्या शब्दाची किंमत त्या दिवशी समजली.

तुझ्याकडून उत्तराची अपेक्षा नाही. पण दोन गोष्टी तुला माझ्याकडूनच कळायला हव्यात.

पहिली. संघाची सभा बोलावली. बेचाळीसातले आता सत्तावीस उरले आहेत, त्यातले एकोणीस आले. मी उभा राहून सांगितलं: फॉर्म मी भरला, काकांनी विश्वासाने सही केली, त्यांनी कोणाकडून काही घेतलं नाही. मग बसून ते इतिवृत्तात लिहिलं, माझ्या नावासकट. मला वाटलं होतं, लोक उठून बोलतील, एखादा कॉलर धरील. मनाची तयारी करून, जुना सदरा घालून गेलो होतो. मग मागून सुताराच्या बायकोने विचारलं, "ते झालं हो पंडित. आता पेट्या ठेवायच्या की सरपणाला काढायच्या, ते सांगा." माझ्या पापात त्यांना रस नव्हता. चार वर्षं मी ज्याला मेरू समजून उराशी धरलं, ते त्यांच्या लेखी मागच्या सालचं वर्तमानपत्र होतं.

निघताना पाचसहाजण मात्र काकांच्या घराकडे वळले. त्यांच्या खोलीत मावेनात, म्हणून ओट्यावरच बसून राहिले. काका सुनेला म्हणाले, "एवढी माणसं का आलीत? मी गेलो का?"

दुसरी. मी राजधानीत जाऊन आलो. टॉवेल तोच आहे, अधिकारीही तोच, केस तेवढे गेले. मी म्हटलं, यंदाचा फॉर्म द्या, चौदाही रकाने भरतो.

"भराल हो. प्रयोगशाळेच्या जागी काय लिहाल?"

त्याने एक परदेशी पत्र दाखवलं. तीस नमुने तपासायला ते तयार आहेत. शेवटच्या ओळीत नम्रपणे विचारलं आहे, की खर्च कोण देणार. त्या ओळीचं उत्तर त्याने दोन वर्षं दिलेलं नाही, कारण ज्याने द्यायचं ते खातं अजून ठरलेलं नाही.

"पुढच्या वर्षी बघू," म्हणाला.

"पुढच्या वर्षी मधपाळ राहायला हवेत ना."

"ते माझ्या खात्यात येत नाही." आणि मला वाईट वाटू नये म्हणून पुढे म्हणाला, "एक चांगली बातमी आहे पण. आपला देश गरिबांच्या यादीतून वर चढणार म्हणतात. दोनचार वर्षांत."

"म्हणजे जकातमाफीही जाणार?"

"जाणार."

"ज्या मालाला दारच उघडत नाहीत, त्याला जकात लावणार?"

"दोन नियम दोन वेगळ्या खोल्यांत होतात हो, पंडित. भिंत जाड असते." वाईट माणूस नाही तो. चहा त्याने स्वतःच्या हाताने करून दिला. निघताना म्हणाला, "तुमची ती टीप मी तेव्हा वाचली होती. छान होती. मला वाटलं, एवढं छान लिहिलंय म्हणजे चालेल."

आम्ही दोघं मिळून एक देश होतो, माशी. तो आणि मी.

काकांचा आवाज आता हळू झाला आहे. रोज टपालाची वेळ झाली की दाराकडे बघतात, आणि मी बघतोय हे लक्षात आलं की छताकडे.

दादा


२७ एप्रिल

माशी,

तुझं पत्र मंगळवारी आलं. पाकिटावर काकांचं नाव होतं, पत्ता माझा. मी उघडलं नाही. तसंच घेऊन गेलो.

काकांनी ते हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, तुझं अक्षर अंगठ्याने चाचपलं. मग माझ्याकडे दिलं. "डोळ्यांपुढे नाचतं सगळं. वाच तू." सून भिंतीला टेकून उभी होती. मिरी माझ्याबरोबर आली होती, तिला सुनेने वाटाणे सोलायला बाहेर बसवलं. बरं झालं.

तू लिहिलं होतंस: "काका, माझं चुकलं. तुम्ही मला माश्या धरायला शिकवलंत आणि मी तुम्हालाच डसले. तुम्ही सोडून त्या सभेत कोणीही असतं तर मी इतकी चिडले नसते. मला तुमच्या पायांवर डोकं ठेवायचं आहे, पण इथून सुट्टी मिळायला सहा महिने आहेत. तेवढं थांबाल का?"

इथे मी थांबलो. काका डोळे मिटून ऐकत होते. गालावरून पाणी कानात चाललं होतं, सुनेने पदराने पुसलं. खाली अजून एक परिच्छेद होता. तो मी नजरेने वाचला होता. घडी घालून खिशात टाकला असता तर या जगात कोणाला कळलं नसतं. तू तिथे, काकांना दिसत नाही, सुनेला वाचता येत नाही.

मी वाचलं. "मिरीला तिच्या आत्याकडे पाठवायची व्यवस्था मी केली आहे. शाळा संपली की ती जाईल. ज्याने तुम्हाला चार वर्षं जळताना पाहिलं आणि रोज समोर बसून जेवला, त्याच्या ताटात माझ्या मुलीने जेवू नये. हे मी त्याला वेगळं लिहिणार नाही."

काकांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "हे नसतं वाचलंस तरी चाललं असतं."

"पत्र तुम्हाला आहे. पुरं वाचायला हवं."

"फोन लाव तिला. मी सांगतो. माझं ऐकेल ती आता."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी फोन काढला नाही. खरंच ऐकलं असतंस तू त्यांचं, हे मला माहीत होतं. म्हणूनच काढला नाही. मी म्हटलं, "काका, चार वर्षं तुम्ही माझ्यासाठी गप्प बसलात. आता माझ्यासाठी बोलू नका."

"हट्टी आहेस."

"उशिरा झालो."

हसले. हसण्याची उबळ खोकल्यात गेली आणि आम्ही दोघांनी त्यांना धरून ठेवलं. शांत झाल्यावर म्हणाले, "तो वरचा भाग पुन्हा वाच." वाचला. पुन्हा म्हणाले. एकूण चार वेळा वाचला. चौथ्या वेळी तू विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं. "नाही ग माशी," म्हणाले, "सहा महिने जरा जास्त होतात."

ते गुरुवारी सकाळी गेले. पाणी मागितलं, सून पेला घेऊन येईपर्यंत संपलं होतं. पत्र उशीखाली होतं, ते त्यांच्याबरोबर दिलं. सगळे सत्तावीस आले होते. संघ सोडून गेलेल्यांपैकीही नऊजण आले. तुझ्या नावाने मीच मूठभर माती टाकली. मला तो अधिकार नाही हे माहीत आहे, पण दुसरं कोणी तुझ्या नात्याचं तिथे नव्हतं.

दादा


१९ मे

माशी,

मिरीला आज सकाळी आठच्या गाडीत बसवलं. आत्याबाई स्वतः न्यायला आल्या होत्या, चांगल्या वाटल्या, बोलायला मोकळ्या आहेत. मिरी पोचल्यावर फोन करीलच. पण काही गोष्टी मोठ्या माणसाने मोठ्या माणसाला सांगायच्या असतात.

तिला गाडी लागते, खिडकीशी बसवावी लागते. डाव्या कानात थंडीत दडे बसतात, कापूस घातला की उतरतात. गणितात हुशार आहे पण घाई करते, उत्तर बरोबर असतं आणि मधली पायरी गायब. तिला अंधाराची भीती वाटत नाही, मात्र वाटते असं सांगून पायथ्याशी बसवून घेते. बसावं. उशिरात उशिरा दहा मिनिटांत झोपते. वेण्या आत्याबाईंच्या हातच्या सरळ येतील.

का जायचं, हे तिने विचारलं. तुझ्यावर ढकललं नाही, आत्याकडची शाळा मोठी आहे अशी थापही मारली नाही. फॉर्म, सभा, काका, सगळं सांगितलं, तिला समजेल तसं. ती पाटावर बसून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "काकाआजोबांनी तुझ्याकडे पाहिलं, तेव्हाच तू का नाही बोललास?"

"भीती वाटली."

"कोणाची?"

"तुझ्या आईची. लोकांची. मला वाटलं, मग मला कोणी पंडित म्हणणार नाही."

तिने विचार केला. "मी तर मामाच म्हणते," म्हणाली, आणि आपली चित्रकलेची वही पिशवीत बसते का ते पाहायला उठून गेली.

तुझ्या अकरा पेट्या सुताराच्या बायकोला दिल्या. तिने सरपण केलं नाही, ती माश्या ठेवते आहे. मध व्यापाऱ्यालाच जातो, दुसरा रस्ता नाही. यंदाचा फॉर्म मी भरून पाठवला आहे. चौदा रकाने, चौदा औषधं, प्रत्येकाचे नमुने आणि महिने. प्रयोगशाळेच्या जागी त्या परदेशी प्रयोगशाळेचं नाव घातलं आणि खाली लिहिलं, खर्चाबद्दल विचारणा चालू. टीप जोडली नाही. उत्तर येईल असं वाटत नाही, तरी तारीख वहीत टिपून ठेवली आहे.

एक काम तुझ्याकडे उरलं. शाळेचा दाखला मिरीच्या पिशवीत, वरच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पाकिटात आहे; आत्याबाई तो तुला टपालाने पाठवतील. तू गेलीस त्या वर्षी नाव घालताना 'पालक' या जागी शाळेने माझं नाव लिहून घेतलं होतं. नव्या शाळेत ते चालणार नाही. मुख्याध्यापकांना विचारलं, नवा दाखला काढावा लागेल का. म्हणाले, गरज नाही. नावावर एक आडवी रेघ, वर नवं नाव आणि शेजारी नव्या पालकाची सही, एवढं पुरतं.

रेघ मी मारून ठेवली आहे. वर तुझं नाव लिहिलं आहे, पासपोर्टावरचं. सही तुझी लागेल.

दादा